लाईनच्या या टोकाला

मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी फुईला, म्हणजे आत्याला, फोन केला होता. बोलणे जेमतेम सुरू झाले आणि मध्येच तिचा आवाज बंद पडला. पुन्हा लावल्यावर ती म्हणाली, "लाईन गयी ना भाऊ." मला वाटले, फोन तुटल्याचे सांगते आहे, पण ती विजेविषयी बोलत होती. पंखा थांबला म्हणून ती खाटेवरून उठून ओट्यावर येऊन बसली होती आणि त्या गडबडीत फोनवर कुठेतरी बोट पडले होते. मग तिने निराधार योजनेच्या पैशांची हकीकत सांगितली. "बँकमा मोठी लाईन लागेल शे," म्हणून ती पैसे न घेताच परत आली होती. शेवटी धाकट्या नातवाचा विषय निघाला. बारावी सायन्स झालेला तो मुलगा सध्या काय करतो, असे मी विचारले, तर ती जराशा नाराजीने म्हणाली, "त्यानी लाईन बदली टाकी."

फोनचा स्पीकर चालू होता आणि पुण्यात वाढलेली माझी मुलगी शेजारी बसून ऐकत होती. फोन ठेवल्यावर तिने विचारले, "बाबा, आजीची कोणती लाईन गेली, कोणती लागली आणि कोणती बदलली?" मी तिला वीज, रांग आणि शाखा असे तीन शब्द दिले. तिचे समाधान झाले, माझे मात्र झाले नाही. फुईच्या बोलण्यात त्या तिन्ही गोष्टी एकाच सुरात आल्या होत्या, आणि तो सूर तक्रारीचा असला तरी त्यात कुणावर राग नव्हता. वीज, रांग, शाखा असे शब्द वेगळे केल्याबरोबर तो सूर हरवला. फुई शाळेची पायरी चढलेली नाही. तिला इंग्रजी येत नाही आणि आपण इंग्रजी शब्द वापरतो असे तिला सांगितले तर ती हसेल. लाईन हा शब्द तिला लग्नाआधीपासून, म्हणजे गावात वीज येण्याच्याही आधीपासून, ठाऊक आहे. तेव्हा त्याचा अर्थ एकच होता: शिवाराच्या टोकाला खडीच्या भरावावरून गेलेले दोन रूळ.

माझे बालपण भुसावळला रेल्वे क्वार्टरमध्ये गेले, त्यामुळे या शब्दाशी माझी ओळख वेगळ्याच दाराने झाली. वडील मालगाडीचे गार्ड होते. दारात कोणी आले आणि "साहेब आहेत का?" असे विचारले की आई सांगे, "ते लाईनवर गेलेत." त्यावर येणारा माणूस पुढे काही विचारत नसे. कुठे गेले, कधी येणार, हे प्रश्न त्या वसाहतीत निरर्थक होते. मालगाडी खंडव्याकडे निघाली की बडनेऱ्याकडे, मध्ये कुठल्या स्थानकात किती तास बाजूला उभी राहील, परत येताना कुठली गाडी मिळेल, हे खुद्द वडिलांनाही माहीत नसे. लाईनवर असलेल्या माणसाचा वाढदिवस, आजारपण, शाळेतले गॅदरिंग यांच्याशी संबंध तात्पुरता तुटलेला असे आणि त्याबद्दल त्याला कोणी दोष देत नसे. रात्री-अपरात्री कॉलबॉय सायकलवर येई, कडी वाजवी आणि रजिस्टर पुढे करी. वडील झोपेतच सही करत, आई स्टोव्ह पेटवून डबा करायला घेई आणि तेवढ्यात आम्ही मुले पांघरुणातून एक डोळा उघडून पाहत असू.

त्यांची लाईन बॉक्स मला अजून तपशिलासकट आठवते. काळ्या रंगाची पत्र्याची जड पेटी, झाकणावर पांढऱ्या अक्षरांत नाव आणि त्याखाली बी. एस. एल. ही स्थानकाची खूण. आत लाल आणि हिरवे झेंडे दांडीभोवती गुंडाळून ठेवलेले, हातातला सिग्नलचा दिवा, गाडीच्या शेपटीला लावायचा दिवा, नियमांचे जाड पुस्तक, वेळापत्रक, प्रथमोपचाराची पुडकी आणि एका गोल डब्यात धोक्याच्या वेळी रुळावर लावायचे फटाके. त्या डब्याला हात लावायची सक्त मनाई होती, म्हणून आमचे सगळे लक्ष त्या डब्यावरच असे. पेटी उघडली की रॉकेल, तेलकट लोखंड आणि शिळ्या चपातीचा असा एक मिश्र वास येई. त्या वासालाच मी लहानपणी लाईन समजत होतो. पेट्या गाडीत चढवायला आणि उतरवायला स्वतंत्र माणसे असत. फलाटावर अशा काळ्या पेट्या एकीला एक खेटून ठेवलेल्या दिसत आणि प्रत्येकीवर कुणाच्या तरी वडिलांचे नाव असे. आता पेट्यांची जागा चाकांच्या बॅगांनी घेतली आहे आणि जानेवारी 2022 पासून गार्ड या पदाचे नाव ट्रेन मॅनेजर झाले आहे. वडील त्या आधीच निवृत्त झाले. नवे नाव ऐकून ते एवढेच म्हणाले, की मॅनेजरला लाईनवर कोण पाठवतो?

रेल्वेच्या घरांत नियमपुस्तकातली भाषा स्वयंपाकघरापर्यंत येते. पुढच्या स्थानकाकडून गाडी सोडायची परवानगी मिळणे म्हणजे लाईन क्लिअर. आमच्याकडे आठ-नऊ माणसांत एक न्हाणीघर होते आणि सकाळी "लाईन क्लिअर आहे का?" ही आरोळी त्या दिशेने जाई. शेजारच्या काकांनी मुलीचे स्थळ ठरल्याची बातमी "तिकडून लाईन क्लिअर आली" अशा शब्दांत दिली होती. माझे एक मामा सुरत लाईनवर दोंडाईच्याच्या बाजूला स्टेशनमास्तर होते. ती लाईन तेव्हा एकेरी होती. तिचे दुहेरीकरण अगदी अलीकडचे. एकेरी लाईनवर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून ड्रायव्हरच्या हाती धातूचा एक गोळा दिला जाई. तो चामडी पिशवीत घालून पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला अडकवत आणि न थांबणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरने ते कडे धावत्या इंजिनातून हात बाहेर काढून दंडावर झेलायचे. पुढच्या स्थानकाने संमती दिल्याशिवाय यंत्रातून तो गोळा बाहेरच येत नसे. मामा सांगायचे, की माझ्या हातात काही नाही, मी फक्त पलीकडच्याने दिलेले पुढे देतो. त्या वेळी मला ते विनयाचे वाटले होते.

खान्देशात हा शब्द रूळ घेऊनच आला, असे मानायला हरकत नाही. 1853 मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी धावली, आणि पुढच्या दशकातच जी. आय. पी. म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे चाळीसगाव, पाचोरा, जळगाव करत भुसावळला पोहोचली. तिथून एक फाटा खंडव्याला, दुसरा नागपूरला गेला, आणि 1870 मध्ये जबलपूरमार्गे मुंबई आणि कोलकाता जोडले गेले. घाईचे कारण कापूस. अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी चालू असताना तिकडचा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी खान्देश-वऱ्हाडाकडे तोंड वळवले. पुढे 1900 च्या सुमारास तापीच्या खोऱ्यातून सुरतची लाईन आली आणि चाळीसगावहून धुळ्याला फाटा गेला. त्यानंतर पाचोरा-जामनेरची अरुंद लाईन आली, जिला सगळे प्रेमाने पी. जे. म्हणत आणि जी शतकभर धावून 2020 मध्ये थांबली. लोकांच्या तोंडी प्रत्येकीला नाव पडले ते तिच्या दुसऱ्या टोकाचे: सुरत लाईन, नागपूर लाईन, मुंबई लाईन. आपले गाव लाईनीवर आहे असे म्हणण्यात ऐट होती, आणि ज्यांचे नव्हते त्यांना बैलगाडीतून स्टेशन गाठावे लागे. मुलीच्या स्थळाची चौकशी करताना "गाव लाईनीवर शे का?" हा प्रश्न आमच्या आजीच्या पिढीत जमिनीच्या प्रश्नाइतकाच सहज विचारला जाई.

लाईनीवर असणे म्हणजे कुठेतरी जाता येणे, हे खरे. पण त्या लाईनीवरून जी गाडी येते ती कधी यायची हे गावाच्या हातात नसते.

रांगेच्या अर्थाने लाईन हा शब्द आमच्याकडे कधी रुजला हे सांगणे अवघड आहे, पण माझी त्याच्याशी पहिली भेट रेशनच्या दुकानापुढे झाली. घासलेटचा टँकर यायचा असला की पहाटेपासून डबे मांडले जात. माणसे उन्हात उभी राहत नसत. डबा उभा राहत असे. ज्यांच्याकडे जादा डबा नसे ते चप्पल काढून ठेवत आणि ज्यांना चपलेचीही धास्ती वाटे ते विटेचा तुकडा ठेवून त्यावर कोळशाने नाव लिहीत. डबे, चपला आणि विटा यांची ती लाईन तासन्‌तास शिस्तीत असायची. भांडण व्हायचे ते टँकर आल्यावर, म्हणजे वस्तूंच्या जागी माणसे उभी राहिल्यावर. एखादी बाई आपली चप्पल कुणी तरी मागे सरकवली म्हणून असा काही आवाज चढवी, की दुकानदार माप अर्ध्यावर थांबवून बघत राही. घासलेट गेले, तरी लाईन गेली नाही. युरियाची लाईन लागते, कापूस खरेदी केंद्राबाहेर ट्रॅक्टरची लाईन लागते आणि ड्रायव्हर लोक रात्री ट्रॉलीखाली गोधडी टाकून झोपतात. 8 नोव्हेंबर 2016 च्या नोटबंदीनंतरच्या आठवड्यांत तर गावातल्या एकाच बँकेपुढे घासलेटच्या काळातल्या सगळ्या युक्त्या नव्याने बाहेर आल्या, फक्त विटेच्या जागी पासबुकाच्या झेरॉक्सवर दगड ठेवलेला होता.

शाळेत गुरुजी आम्हाला रांगेत उभे करत. रांग सरळ असायची, उंचीप्रमाणे असायची आणि तिच्या शेवटी काही मिळायचे नसायचे. प्रार्थना झाली की ती मोडायची. लाईन वेगळी. लाईनीच्या पुढच्या टोकाला खिडकी असते, आणि खिडकीच्या आत बसलेला माणूस जेवायला उठू शकतो. पंगतीला तर कोणी लाईन म्हणतच नाही. आमच्या भागात लग्नातल्या वरण-बट्टी आणि वांग्याच्या भाजीच्या पंगती अजून जमिनीवर बसतात, सरळ ओळीत बसतात, शेकडो माणसे बसतात. पण "लाईन बसली" असे एकाही तोंडून ऐकलेले नाही, कारण पंगतीत वाढणारा चालत तुमच्यापर्यंत येतो. हल्ली बुफे आला. तिथे मात्र ताट हातात घेऊन लोक म्हणतात, "चला, लाईनीत लागा." कुठल्या भाषाशुद्धीच्या समितीला हा फरक ठरवता आला नसता, तो लोकांनी न ठरवता केला आहे.

विजेचा अर्थ सगळ्यांत शेवटी आला आणि त्याने बाकीच्यांवर मात केली. पुण्यात लाईट गेले म्हणतात, मुंबईकडे लाईट गेली म्हणतात, आणि आमच्याकडे, विशेषतः खेड्यांत, लाईन गेली म्हणतात. पुण्याच्या शब्दात घरातला दिवा आहे. आमच्या शब्दात डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरून, पोलावर आणि पोलावरून शेतात आलेली तार आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने हेच बरोबर, कारण त्याला दिव्याची पर्वा थोडी आणि मोटरीची फार. गावठाणाचा फीडर वेगळा आणि शेतीचा वेगळा झाल्यापासून घरात टीव्ही चालू असताना मळ्यातली लाईन गेलेली असू शकते. थ्री फेज लाईन दिवसा 8 तास किंवा तिच्याऐवजी रात्री, आणि पाळी बदलत राहते, त्यामुळे यावल-रावेरच्या केळीच्या मळ्यात रात्री दीड वाजता बॅटरी घेऊन पाणी भरायला जाणारा माणूस हा काही गोष्टीतला माणूस नव्हे. त्याच्या पायाखाली साप असतो आणि अलीकडे बिबट्याचीही भीती असते. काहींनी स्टार्टरला ऑटो बसवून घेतले आहेत. लाईन आली की मोटर आपोआप सुरू होते आणि मालक घरी झोपून तिचा आवाज वाऱ्यावर येतो का ते ऐकतो. भुसावळजवळच्या दीपनगरच्या औष्णिक केंद्राच्या उंच चिमण्या आसपासच्या शिवारांतून दिसतात. भारनियमनाच्या ऐन दिवसांत त्या चिमण्यांच्या धुराकडे बघत अंधारात बसलेल्या लोकांचे टोमणे मी ऐकले आहेत. ते इथे लिहिण्याजोगे नाहीत.

लाईन सांभाळणारा तो लाईनमन. वीज कंपनीने त्याला जनमित्र असे नाव दिले आहे आणि कार्यालयाच्या पाट्यांवर, पत्रकांत ते छापलेलेही असते. गावात त्याला कोणी जनमित्र म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. पावसाळ्यात पोलावर चढलेला माणूस, कमरेला पट्टा, तोंडात पक्कड, खाली जमलेल्या वीस जणांच्या वीस सूचना, हे चित्र ज्याने पाहिले आहे त्याला मित्र हा शब्द गुळमुळीत वाटतो. लाईनमन या शब्दात दरारा आहे, गरज आहे आणि थोडे लाडीगोडीचे राजकारणही आहे. लाईनमनशी ज्याचे बरे त्याच्या डीपीचा फ्यूज त्याच दिवशी बसतो. माझ्या वडिलांनाही कोणी तरी याच शब्दाने ओळखले असते तर चालले असते. तेही लाईनचेच माणूस होते आणि तेही कुणाचे काही अडवू शकत नव्हते, फक्त अडलेले घेऊन पुढे जाऊ शकत होते.

आता फुईचा तिसरा अर्थ. "कोणती लाईन घेतली?" हा प्रश्न आमच्याकडे दहावीनंतर प्रत्येकाला विचारला जातो आणि मरेपर्यंत थोड्याफार फरकाने विचारला जात राहतो. सायन्स लाईन, आर्ट्स लाईन, आयटीआयची लाईन इथपर्यंत तो शिक्षणाचा असतो. नंतर तो बाजाराचा होतो. जळगावात माणसे सोन्याच्या लाईनीत असतात, डाळीच्या लाईनीत असतात, धुळ्यात गाड्यांच्या लाईनीत असतात. ट्रकचा ड्रायव्हर तो कोणत्या गावचा हे सांगण्याआधी इंदूर लाईनला चालवतो की सुरत लाईनला ते सांगतो. धंदा म्हटले तर त्यात आपली कर्तबगारी येते आणि पेशा म्हटले तर घराणे येते. लाईन म्हटले की आधीपासून आखलेले काही तरी आहे, त्यावर माणूस चढतो किंवा त्यावरून उतरतो, एवढेच उरते. बिघडलेला मुलगा लाईनीवर येतो. लाईन चुकलेल्याला कोणी तरी हाताला धरून लाईनीवर आणून सोडतो. कॉलेजच्या रस्त्यावरची लाईन मारणे ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे तिचे वर्णन करत नाही. एवढेच, की मारणाऱ्याइतकीच देणाऱ्याचीही क्रिया या शब्दाने नोंदवली आहे, आणि मारणाऱ्यांच्या मानाने देणारे फारच कमी असतात.

मुलीच्या त्या प्रश्नानंतर मी या शब्दाच्या मुळाशी जाऊन पाहिले आणि तिथे जे सापडले ते मला अगदी अनपेक्षित होते. इंग्रजीतल्या लाईनच्या मागे लॅटिनमधला लिनिया आहे, आणि लिनिया म्हणजे लिनमचा, अर्थात जवसाचा, धागा. जवसाच्या देठापासून निघणाऱ्या तंतूंचे सूत, त्या सुताची दोरी, ती ताणून धरली की आखली जाणारी सरळ रेघ, असा तो प्रवास. लिननचे कापड त्याच घराण्यातले. लायनिंगही तिथलेच, कारण कपड्याला आतून अस्तर लावायचे ते पूर्वी लिननचे असे. आमचा टेलर ब्लाऊजला लायनिंग लावू का असे विचारतो तेव्हा त्याला अस्तर अभिप्रेत असते आणि लायनिंगचा शर्ट म्हणतो तेव्हा रेघारेघांचा. एकाच दुकानात, एकाच मापाच्या टेपखाली, या शब्दाची दोन्ही भावंडे नांदतात आणि गिऱ्हाईक कधी गोंधळत नाही.

जवस आमच्याकडे नवीन नाही. आजोबांच्या वेळी रब्बीत हरभऱ्याच्या कडेने जवसाच्या एक-दोन ओळी असायच्या. निळी, नाजूक फुले सकाळी उमलत आणि ऊन तापले की पाकळ्या गळून जात, त्यामुळे उशिरा मळ्यात जाणाऱ्याला जवस फुलले होते हे कळतही नसे. बी भाजून, लसूण आणि तिखट घालून कुटलेली त्याची चटणी कळण्याच्या भाकरीबरोबर, वर कच्चे तेल घेऊन खातात. बोटांना चिकटणारा तो तेलकटपणा आणि दातांत अडकणारे कूट हे मला लाईन या शब्दाशी जोडायला अजूनही जड जाते. आपल्या देशात जवस पेरले ते मुख्यतः बियांसाठी. त्याच्या देठाचे सूत आमच्या लोकांनी काढले नाही. काढायची गरजही नव्हती, दारात कापूस होता. त्याच कापसासाठी परक्यांनी इथे रूळ आणले आणि जवसाच्या सुताचे नाव सोबत आले.

त्या मूळ अर्थाच्या सर्वांत जवळ आज कोण असेल, तर गवंडी. त्याच्या पिशवीत थापी आणि ओळंब्याबरोबर एक सुताची गुंडी असते आणि तिला तो लाईनदोरी म्हणतो. म्हणजे दोरी-दोरी. भिंतीच्या दोन कोपऱ्यांत खिळे ठोकून ती ताणायची, बोटाने एकदा छेडायची, कंप थांबला की विटेची कड तिला न टेकता तिच्यापासून केसभर अंतरावर बसवायची. टेकली तर दोरी सरकते आणि पुढचा सगळा थर वाकडा जातो. आमच्या घराच्या कामावर असलेला गवंडी दर थराला दोरी वर सरकवायचा आणि ती दुसऱ्या टोकाला धरायला कोणी नसले, तर काम थांबवून बिडी पेटवायचा. ठिबकवाल्यांनीही हा शब्द घेतला आहे. मेन लाईन, सबमेन लाईन आणि झाडाशी जाणाऱ्या बारीक नळ्या, हे सगळे लाईनच. जळगाव जिल्ह्यात ठिबक एवढे पसरले आहे, की शाळकरी मुलाला लाईन चोक झाली म्हणजे काय आणि ती धुवायची कशी हे माहीत असते. विहीर आटली म्हणून दूरवरच्या नदीकाठावरून शेतापर्यंत पाणी आणणाऱ्याची लाईन तर काही किलोमीटर लांब असते, दुसऱ्यांच्या बांधांखालून गेलेली असते, आणि ती कोणाच्या नांगराने फुटली यावरून बोलणे बंद झालेली घरे प्रत्येक गावात आहेत.

धुळे जिल्ह्यात सध्या आणखी एका लाईनची चर्चा आहे. मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाला सप्टेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. मालेगाव, धुळे, नरडाणा, शिरपूर, सेंधवा असा 309 किलोमीटरचा तो मार्ग. ही लाईन येणार, असे मी शाळेत असल्यापासून ऐकतो आहे. कितीतरी निवडणुका या एका शब्दावर झाल्या. आता खरोखर मोजणी होईल तेव्हा लोकांच्या बोलण्यात अभिमान आणि धास्ती दोन्ही असतील. लाईन गावातून जावी, पण आपल्या वावरातून जाऊ नये, अशी इच्छा मला तरी पूर्ण समजण्यासारखी वाटते.

चोपडा तालुक्यातल्या माझ्या मित्राने मळ्यासाठी वीजजोडणीचे पैसे भरून कित्येक वर्षे झाली होती. कार्यालयाच्या यादीत त्याचे नाव पैसे भरून प्रलंबित असलेल्यांत होते. लाईन काही आली नाही, शेवटी योजनेतून सौरपंप आला. मी पाहायला गेलो तेव्हा पॅनलवरची धूळ तो ओल्या फडक्याने पुसत होता. विहिरीशी पोल नव्हता, तार नव्हती, लाईनमनचा नंबर भिंतीवर लिहिलेला नव्हता. पाणी कसे येते, असे विचारल्यावर तो म्हणाला, "एकदम भारी. फक्त ढग आले म्हणजे लाईन कमी येते." इथे लाईन आली कुठून, असे मी हसून म्हटले. त्याने फडके पिळून पॅनलच्या कडेवर वाळत टाकले आणि म्हणाला, "मग काय म्हणू? ऊन गेलं म्हणू? ऊन तर रोजच जातं."